चिनहटचं दार उजवीकडे उघडतं

लखनौत माझ्याशी कोणीही वाईट वागलं नाही, आणि मला उतरल्यापासून त्याचाच संशय येत होता.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ‘ही बाई सगळ्यांकडे वाकड्या नजरेनं का बघते’ असं वाटणार नाही. मी हौसेनं गेले नव्हते. आमची पुण्याची कंपनी दवाखान्यांसाठी ऑटोक्लेव्ह बनवते. ऑपरेशनची उपकरणं वाफेनं निर्जंतुक करायचं हे यंत्र. घरच्या कुकरचा अवाढव्य आणि चिडखोर भाऊ समजा. कंपनीनं लखनौजवळ चिनहटला असाच एक कारखाना विकत घेतला आणि पदांची फेरमांडणी सुरू झाली. सगळ्यांची पदं कुठे ना कुठे बसली. माझं बसेना.

मी टेक्निकल रायटर आहे. यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका जाते, ती मी लिहिते, इंग्रजीत आणि हिंदीत. प्रश्न असा निघाला की हे पद इंजिनिअरिंगमध्ये धरायचं की ऑफिसच्या किरकोळ कामांत. इंजिनिअरिंगमध्ये धरलं तर मी राहणार. ऑफिसात धरलं तर पुस्तिका सॉफ्टवेअर लिहिणार आणि मी पत्रव्यवहार बघणार. चिनहटच्या लोकांचं मत दुसऱ्या बाजूचं होतं, म्हणून बैठकही तिथेच ठेवली आणि मला ‘बाजू मांडायला’ बोलावलं. ज्यांना मी नको होते त्यांच्याच घरी, त्यांच्याच चहावर.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बार्शीजवळच्या आमच्या गावात मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, पण मी नक्की काय करते हे त्यांना आजपर्यंत कोणाला सांगता आलेलं नाही. ते म्हणतात, “पोरगी कंपनीत लिहिते.” त्यावर लोक अर्ज घेऊन येतात. गावातली विजेची डीपी जळाल्याचा अर्ज, रस्त्याचा अर्ज. मी लिहूनही देते. पण माझ्या कार्डावर ‘टेक्निकल’ असं छापलेलं आहे, आणि ते वडिलांच्या पाकिटात आहे. ते कार्ड खोटं पडू द्यायचं नाही, एवढंच ठरवून मी गाडीत बसले.

चारबाग

गाडी धुक्यामुळे उशिरा पोचली, त्याचं रडगाणं गात नाही. लखनौच्या चारबाग स्टेशनला उतरले तर फलाटावर माझ्या नावाची पाटी घेऊन कंपनीचे ड्रायव्हर उभे. शुक्लाजी. गळ्याभोवती मफलर, डोक्यावर माकडटोपी, बोलायची घाई अजिबात नाही.

“बड़ी देर लगी आपको. ठंड तो नहीं लगी?”

गाडी उशिरा आली त्यात माझा काय दोष, असं मी म्हणणार होते. मग लक्षात आलं की ते खरंच थंडीचंच विचारत होते. त्यांनी माझी बॅग घेतली. मी ती परत घेतली. त्यांनी पुन्हा घेतली, इतक्या अदबीनं की ओढाताण माझ्याकडूनच चाललीय असं बघणाऱ्याला वाटावं. आमच्याकडे एसटी स्टँडावर कोणी न मागता बॅगेला हात लावला तर आम्ही आधी बॅग धरतो आणि मग माणसाचं तोंड बघतो.

स्टेशनबाहेर हमाल, रिक्षा आणि हॉटेलांचे एजंट एकमेकांवर ओरडत होते आणि ओरडतानाही ‘आप’ म्हणत होते. “आप हटिए न सामने से!” भांडणात आदरार्थी बोलणाऱ्या माणसांचा राग ओळखायचा तरी कसा? मी मनात नोंद केली: इथे शब्दांवर जायचं नाही.

गाडीत शुक्लाजींनी विचारलं, “मैडम लिखती हैं, सुना है. कहानी-वहानी?”

“नाही हो. मशीन के साथ जो किताब आती है, वो.”

त्यांनी गिअर बदलला. मग आरशातून बघत म्हणाले, “अच्छा, वो! जो डिब्बे में सबसे ऊपर रहती है, और जिसे हटाकर सामान निकालते हैं.”

अख्ख्या प्रवासात माझ्या धंद्याची इतकी खरी व्याख्या कोणी केली नाही. पण तेव्हा मला तो टोमणाच वाटला, आणि आलमबाग येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

आलमबाग

मी लॉजवर राहणार होते. पण चिनहटच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख सुनंदा वानखडे यांचा आधीच फोन आला होता: “लॉजवर काहून राहतेस गं? घर आहे ना आपलं.” मॅडम मूळच्या अकोल्याच्या. नवरा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून आलमबागला रेल्वेचा बंगला. लग्न होऊन इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. ज्या बैठकीत माझ्या पदाचा निकाल लागायचा होता, तिथे एक मत त्यांचं होतं. परीक्षकानं परीक्षार्थ्याला घरी जेवायला का बोलवावं? शिवाय नव्या यंत्राची माझी हिंदी पुस्तिका त्यांनी आठवडाभर आधीच मागवून घेतली होती. “वाचून ठेवते,” म्हणाल्या होत्या. वाचून काय ठेवणार होत्या, ते सांगितलं नव्हतं.

घरात शिरताच चहा आला. त्यासोबत मक्खन मलाई आली, दुधाचा पिवळसर फेस, वर केशर आणि पिस्ते. फक्त थंडीतच मिळते, असं सांगितलं. वाटी भरून होती, पण चमचा तोंडात घातला आणि आत काही उरलंच नाही. गोड वास तेवढा राहिला. मी आणखी एक चमचा घेतला, तोही गेला. आमच्या भागात खाणं म्हणजे दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे. मी “छान आहे” म्हटलं आणि मनात म्हटलं, गाव असं आहे तर.

मॅडमचे साहेब रेल्वेच्या कामानं लाइनवर गेले होते. रात्री जेवायला मॅडम, मी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी ईशा. मॅडमनी झुणका केला होता. मी सोलापुरी शेंगाचटणी नेली होती, आईनं उखळात कुटलेली, तेलासकट. ईशानं मोठा घास घेतला. तिचे डोळे भरून आले, नाक लाल झालं.

“कशी आहे गं?” मी विचारलं.

“बहुत अच्छी है, दीदी.”

“तिखट नाही ना?”

“नहीं नहीं. मज़ा आ रहा है.” आणि पाण्याचा तिसरा पेला उचलला.

“मराठीत बोल की तिच्याशी,” मॅडम म्हणाल्या.

“समझती तो हूँ न, मम्मी.”

मॅडमनी स्वतः चटणी पुन्हा वाढून घेतली. “अगदी फर्स्ट क्लास. माझ्या आईची आठवण आली, यार.” वऱ्हाडातली बाई, तिखट त्यांना नवं नव्हतं, पण पोरीचे डोळे दिसत असताना एकीनंही खरं सांगितलं नाही. त्या घरात माझी चटणी चांगली होती, माझा स्वेटर चांगला होता, माझी पुस्तिका तर ‘बहुत ही बढ़िया’ होती.

“पण मॅडम, त्यात काही सुधारायला हवं का?” मी नेट धरून विचारलं.

“अगं, तू लिहिलंयस. त्यात काय सुधारायचं?” असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या भाताकडे बघत होत्या.

चिनहट, पहिला दिवस

फैजाबाद रोडचं नाव कागदावर बदललंय, बोलण्यात नाही. त्या रस्त्यानं चिनहटकडे जाताना धुक्यात ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. कारखाना बुटका, स्वच्छ. दारात झेंडूच्या कुंड्या. मी आत गेले तशी बोलत असलेली माणसं गप्प झाली आणि उठून उभी राहिली. पुण्यात मी आत गेले की कोणी उठत नाही. उठलंच तर खुर्ची घेऊन जातं.

मला आधी यंत्र बघायचं होतं. इथे खरी गोष्ट सांगायला हवी. चिनहटच्या यंत्राला माझा हात कधीच लागला नव्हता. पुस्तिका घाईत हवी होती, त्यांनी नकाशे आणि फोटो पाठवले, आणि मी आमच्या पुण्याच्या यंत्राच्या अनुभवावरून लिहिली. बैठकीआधी एकदा हात लावून खात्री करावी, असं मनात होतं.

“मशीन कहाँ भागी जा रही है, मनीषा जी?” कारखान्याचे प्रमुख मिश्राजी म्हणाले. “पहले नाश्ता.”

नाश्ता म्हणजे खस्ता कचोरी आणि रस्सेदार आलू. त्यानंतर चहा. मग बैठक. मग जेवण, आणि जेवणानंतर तीळगुळाची गजक. मी दर वेळी यंत्राचं काढायचे आणि दर वेळी समोर बशी यायची. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात आणि सरळ विचारतात, काय काम काढलंत? इथे काम काढणं म्हणजे जणू पाहुण्याला उठवणं. पण मला ते तसं दिसत नव्हतं. मला वाटत होतं, यंत्रात असं काहीतरी आहे जे मी बघू नये असं यांना वाटतंय. संध्याकाळी शेवटी आत गेलो तेव्हा पाळी सुटलेली, दिवे बंद.

बैठक मात्र झाली, आणि गोडीत झाली.

“देखिए, हम तो बस समझना चाहते हैं,” मिश्राजी म्हणाले. “टेक्निकल राइटर में टेक्निकल कितना है और राइटर कितना?”

त्यांच्या शेजारी अस्थाना बसला होता. तरुण इंजिनिअर, हुशार, बोलताना सारखा चष्मा पुसणारा. “सर, मशीन इंजीनियर को पता है, भाषा सॉफ़्टवेयर को पता है. बीच में तीसरा आदमी किसलिए?” त्यानं त्याच यंत्राची एक पुस्तिका सॉफ्टवेअरकडून लिहून घेतली होती. “चाय ठंडी होने से पहले तैयार थी,” असं त्यानं सांगितलं. फुशारकी नव्हती, नुसती माहिती दिली.

मी म्हटलं, “तीसरा आदमी पढ़ने वाले के लिए. उसको मशीन पता नहीं, और भाषा का उसको शौक नहीं. उसके हाथ में दस्ताने हैं और बाहर डॉक्टर चिल्ला रहा है.”

“सही बात,” अस्थाना म्हणाला. “मैडम, डिग्री आपकी किस ब्रांच में है?”

“बी.एस्सी. फिजिक्स.”

“अच्छा, साइंस साइड.” त्यानं हे इतक्या मऊपणे म्हटलं की मला चिडताही येईना. इंजिनिअरच्या तोंडचं ते ‘अच्छा’ मी पुण्यातही ऐकलेलं आहे. तिथे निदान त्यासोबत हसतात.

मग वानखडे मॅडम बोलल्या, आधी मराठीत माझ्याकडे बघून, मग तेच हिंदीत. “डॉक्टरला परीक्षा असते, ड्रायव्हरला लायसन असतं. उद्या मी उठून म्हटलं, मी टेक्निकल रायटर, तर मला अडवायला तुमच्याकडे काय आहे?”

झुणका खाऊ घालून हा प्रश्न. मला वाटलं, आली बाई रंगावर. पण प्रश्न खरा होता. आमच्या धंद्यात कोणी इंजिनिअरिंग सोडून आलेलं असतं, कोणी इंग्रजीचं एम.ए. असतं, कोणी माझ्यासारखं जाहिरात वाचून आलेलं. दाखवायला एक दाखला नाही. मी जे खरंच मानते ते सांगितलं.

“दोन गोष्टी आहेत. एक, जी पायरी मी स्वतःच्या हातानं केलेली नाही ती मी लिहीत नाही. दुसरी, लिहून झाल्यावर यंत्र न पाहिलेला माणूस आणते, पुस्तिका त्याच्या हातात देते, आणि हात मागे बांधून उभी राहते. तो चुकला तरी बोलत नाही. तो जिथे अडतो तिथे माझं पान चुकलेलं असतं, तो नाही. हे जो करतो तो टेक्निकल रायटर. न करणारा कितीही छान लिहू दे, तो नाही.”

पहिली गोष्ट बोलताना जीभ जराशी अडखळली. पण तेव्हा मी सगळ्या खोलीवर संशय घेत होते, स्वतःवर घ्यायला सवड नव्हती.

“वाह!” मिश्राजी म्हणाले. “तो कल यही हो जाए. दोनों किताबें, एक ही मशीन. जो पास हो, हम वही लिखकर पुणे भेज देंगे.”

चिनहट, दुसरा दिवस

सकाळी यंत्र गार ठेवलेलं होतं. अशी चाचणी वाफेविना करतात. स्टीलचं आडवं पिंप, पुढे जाड गोल दार, दाराच्या मधोमध बसच्या स्टिअरिंगसारखं चाक. जवळच्या एका नर्सिंग होममधून सरोज दीदी आल्या होत्या. वॉर्डात काम करणाऱ्या, चाळिशीच्या, नीट तेल लावून वेणी घातलेल्या. त्यांना वानखडे मॅडमनी बोलावलं होतं. असं यंत्र त्यांनी पूर्वी पाहिलेलं नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं.

आधी अस्थानाची पुस्तिका. दीदी वाचत गेल्या, करत गेल्या, सगळं सुरळीत, दारसुद्धा पहिल्याच फटक्यात उघडलं. मग माझी. पाण्याची पातळी बघितली, ट्रे सरकवला, दाबाचा काटा शून्यावर आहे हे बघितलं. मी हात मागे बांधून उभी. मग दाराचं पान आलं.

माझ्या पानावर लिहिलं होतं: ‘दरवाज़े का पहिया बाईं ओर घुमाइए.’ दीदींनी ते मोठ्यानं वाचलं, बोट ‘बाईं’वर ठेवलं, दुसरा हात चाकावर ठेवला आणि चाक उजवीकडे फिरवलं.

दार उघडलं.

टाळ्या वाजल्या. मिश्राजी “बहुत खूब, बहुत खूब” म्हणत पुढे आले. अस्थानानंही टाळ्या वाजवल्या, मनापासून. चहाचा ट्रे आत आला. आणि मी तशीच, हात मागे.

एखादी झाकणाची बरणी घ्या, नळ घ्या, नट घ्या. उघडायला माणसाचा हात डावीकडे जातो. माझं पानही डावीकडे म्हणत होतं. मग यंत्र न पाहिलेल्या बाईचा हात अस्थानाच्या पुस्तिकेच्या वेळी, अगदी पहिल्यांदाच, न घुटमळता उजवीकडे कसा गेला होता, आणि आता पान उलटं सांगत असतानाही तसाच कसा गेला?

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मिश्राजी माझ्याकडे न बघता बिस्किटं निवडत होते. सरोज दीदी वानखडे मॅडमकडे बघत होत्या, बरोबर झालं ना, अशा नजरेनं. आणि मॅडम पुन्हा भाताकडे बघितल्यासारखं जमिनीकडे.

तेव्हा मला कळलं. आणि आधी काय वाटलं तेही लिहिते: मला सुटल्यासारखं वाटलं. चाचणी पास झाली होती. कार्ड वडिलांच्या पाकिटात खरं राहणार होतं. यांना माहीत होतं आणि हे बोलणार नव्हते. मी फक्त चहा घ्यायचा होता. दुसऱ्याच क्षणी वाटलं, हा सापळा असेल. आज टाळ्या, आणि पुढच्या महिन्यात पुण्याला कळवतील की तुमच्या बाईंनी उलटं लिहिलंय. मी कप हातात घेतला, आणि ज्या पानावर अजून दीदींचं बोट होतं ते पान दिसलं. ते पान उद्या कुठल्यातरी दवाखान्यात जाणार होतं. तिथे बाईला कोणी आधी सांगितलेलं नसणार. ती चाक डावीकडे फिरवणार. ते आणखी आवळणार. दार अडकलं असं समजून कोणीतरी पाना आणून जोर लावणार, आणि आत वाफ उरली असेल तर भाजणार ती बाई.

“थांबिए,” मी म्हटलं. घाईत हिंदी-मराठी एक झालं. “मेरा पन्ना गलत है. मैंने बाईं ओर लिखा है. ये दाईं ओर खुलता है.”

मिश्राजींनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

“अरे मनीषा जी,” मिश्राजी म्हणाले, “इतना सा तो चलता है. खुल तो गया न!”

“इसीलिए नहीं चलता, सर. दीदी को किसने बताया?”

सरोज दीदी रडवेल्या झाल्या. “हमने कुछ गलत किया क्या?”

“त्यांना काही बोलू नको,” वानखडे मॅडम म्हणाल्या. “मी सांगितलं. पुस्तिका आली तेव्हाच मी मशीनवर करून बघितलं होतं. आमच्या जुन्या डिझाइनमध्ये चाकामागे एक दातेरी चाक जास्त आहे, त्यामुळे ते उलटं फिरतं. दीदींना सकाळी म्हटलं, कागदावर काहीही असू दे, उजवीकडे फिरवा. तीनदा करून घेतलं.”

“मग मला का नाही सांगितलं? मी तुमच्या घरी विचारलं होतं!”

“तू माझ्या घरी जेवायला बसली होतीस,” मॅडम म्हणाल्या. “पाहुण्याच्या ताटात चूक वाढतात का? आणि इथे सगळ्यांसमोर तू पडली असतीस तर बरं दिसलं असतं? छापायच्या आधी मी गुपचूप दुरुस्त करून घेणारच होते. कोणाला कळलंही नसतं.”

“मलासुद्धा?”

“तुला तर मुळीच नाही.”

मी दोन दिवस ज्या कटाचा वास घेत होते तो खरा निघाला. फक्त तो माझ्या बाजूचा होता. प्रश्न विचारून मला अडचणीत आणलं असं ज्यांच्याबद्दल वाटलं, त्यांनीच मला वाचवायची सोय करून ठेवली होती, आणि त्या सोयीनं चाचणीची माती केली होती. मला त्यांचा रागही आला आणि रागावताही येईना. मी मिश्राजींकडे वळले आणि जे लपवलं असतं तर सोपं गेलं असतं तेही बोलले. काल मोठ्या तोंडानं सांगितलेली पहिली गोष्ट मी या यंत्राबाबत पाळली नव्हती. हात न लावता लिहिलं होतं. माझ्याच व्याख्येनं या पुस्तिकेची मी टेक्निकल रायटर नव्हते.

अस्थानानं चष्मा पुसला. “मेरी किताब में तो दिशा लिखी ही नहीं है,” तो हळूच म्हणाला. “सिर्फ़ ‘दरवाज़ा खोलिए’.” त्याच्या पुस्तिकेत दिशा नव्हती, म्हणून चूकही नव्हती, आणि दार मात्र त्याचंही शिकवलेल्या हातानंच उघडलं होतं. हे त्याचं त्यालाच कळलं. मला सांगावं लागलं नाही.

मग मी बाह्या वर केल्या आणि दुपारपर्यंत ते यंत्र स्वतः उघडलं, मिटलं, भरलं, रिकामं केलं. अस्थाना शेजारी उभा राहून दातेरी चाक दाखवत होता. बशी आली की मी तिच्याकडे बघतही नव्हते, आणि कोणी वाईट वाटून घेतलं नाही. पान नव्यानं लिहिलं. आता खरोखर न शिकवलेला माणूस हवा होता.

“शुक्लाजी,” मी म्हटलं.

शुक्लाजी माकडटोपी काढून आले. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. मी सगळ्यांना नियम सांगितला: कोणी बोलायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही.

ते शांतपणे वाचत गेले. दाबाच्या पानावर थांबले. ‘सुई शून्य पर आने दीजिए.’ त्यांनी यंत्राकडे बघितलं. तिथे दोन काटे होते, एक आतल्या पिंपाचा, एक बाहेरच्या वाफेच्या आवरणाचा. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही गप्प. पुन्हा यंत्राकडे. लखनौच्या माणसाला समोरचा अडलेला बघवत नाही, हे मी त्या शांततेत शिकले. मिश्राजी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. त्यांनी घसा खाकरला. “शुक्ला जी, वो ऊपर वा…”

“सर!” मी कारखान्याच्या प्रमुखाला गप्प केलं, तेही ‘प्लीज’ न म्हणता. वानखडे मॅडमनी पदर तोंडाला लावला.

“मैडम,” शुक्लाजी शेवटी म्हणाले, “किताब में सुई एक है, यहाँ दो हैं. हम किसकी मानें?”

मी पानावर खूण केली. ही चूक नकाशानं दाखवली नव्हती, मला यंत्राला हात लावूनही दिसली नव्हती, आणि वानखडे मॅडमनासुद्धा नाही. आम्हा सगळ्यांना कुठला काटा ते इतकं माहीत होतं की दुसरा दिसतच नव्हता. दार मात्र त्यांनी वाचून, डावी-उजवी बाजू हातवारे करून ठरवून, उजवीकडे उघडलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे पानाकडे बघत होते.

परत चारबाग

निकाल पुढे पुण्यात लागला, तो इथेच सांगते. पद इंजिनिअरिंगमध्ये राहिलं. मिश्राजींनी कळवलं ते असं, की अशी बाई ऑफिसात बसवली तर ती तिथेही सगळ्यांवर शक घेणार, त्यापेक्षा मशीनवर घेतलेला बरा. सोबत एक अटही आली: यंत्राला हात लावल्याशिवाय रायटरनं सही करायची नाही. म्हणजे नवं यंत्र निघालं की मला चिनहटला जावं लागणार. अस्थाना सॉफ्टवेअर वापरतोच. पण आता मसुदा माझ्याकडे पाठवताना खाली लिहितो, ‘कृपया शक कीजिए.’

हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी पद गमावलंय असं धरूनच स्टेशनवर उभी होते. वानखडे मॅडम सोडायला आल्या होत्या. पुऱ्या, बटाट्याची सब्जी, रेवड्यांचं पाकीट, सगळं पिशवीत भरून. वाटेत आम्ही फारसं बोललो नव्हतो. गाडी लागली. शुक्लाजींनी बॅग आत ठेवली. या वेळी मी ओढली नाही.

मॅडम खिडकीपाशी घुटमळल्या.

“मनीषा, एक सांगू? राग नको मानू.”

“बोला की.”

“तुझी ती चटणी.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू कोणी ऐकेल. “अरे बाप्पा, किती तिखट गं. ईशा रात्रभर दही खात बसली होती. मी पण.”

गाडी हलली. त्या हात करत होत्या, जरा घाबरलेल्या चेहऱ्यानं, आपण काय बोलून बसलो अशा. लखनौत माझ्याशी पुष्कळ चांगलं बोललं गेलं. त्यातलं हे एकच वाक्य मी तिथल्या तिथे खरं मानलं, आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, “पुढच्या वेळी कमी तिखट आणते!”